उंडीखालचा वस्तरा

मोरे सरांच्या घरातली साखर संपायची, चहाची पत्ती संपायची, पण पितळेची तार कधी संपली नाही. पडवीतल्या बाकाखाली तुपाचा एक जुना डबा असे आणि त्यात तारेची वेटोळी. वहिनी म्हणायच्या, "आता पाहुणा आला की तारच उकळून देते." सर त्यावर चष्मा काढून पुसायला घेत. उत्तर द्यायचं नसलं की ते चष्मा पुसत. त्यांचा चष्मा फार स्वच्छ असे.

चौलजवळच्या आमच्या हायस्कुलात ते तंत्र विषय शिकवायचे आणि मी मराठी. पंचवीस वर्षं स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी होती. सडपातळ, उंच माणूस. रविवार असो, दिवाळी असो, गाल तुळतुळीत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक कानस खोचलेली. पोरं त्यांना 'कानस' म्हणायची आणि त्यांना ते माहीत होतं. एकदा कोणा दिवट्याने फळ्यावर कानशीचं चित्र काढून ठेवलं. सरांनी खडू घेतला, दाते उलट्या बाजूला वळले होते ते सरळ केले आणि त्याच चित्रावरून तास घेतला.

लग्नात असोत की मयतीला, खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघितल्याशिवाय ते बसायचे नाहीत. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी अख्खी पहिली रांग हलवून बघितली आणि दोन खुर्च्या बाद केल्या. त्यातल्या एकीवर नवरदेवाचे मामा बसले होते. त्यांना उठवलं.

सर गेल्याला आठ महिने झाले. गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. फोन ठेवला आणि उरलेली गवार निवडून संपवली. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. दुःख नाही असं नाही, पण ते कुठेतरी लांब आहे, शेजारच्या घरात कोणी बोलत असावं तसं. अशा माणसाने व्यक्तिचित्र लिहू नये म्हणतात. पण सरांचा स्वभाव बघता, रडणाऱ्यापेक्षा नीट सांगणारा त्यांना जास्त चालला असता.

त्यांचं एक वाक्य शाळेत म्हणीसारखं झालं होतं: "ठोकू नका, समजवा." शाळेची घंटा टांगायची कडी तुटली तेव्हाची गोष्ट. हेडमास्तर घाईत होते. म्हणाले, "मोरे, दोन ठोके मारा आणि मोकळे व्हा."

सर म्हणाले, "दोन ठोक्यांत बसेल. पण पोराच्या डोक्यावर पडेल तो तिसरा ठोका."

दोन दिवस घंटा बाकावर होती आणि शिपाई वर्गावर्गांत जाऊन "तास संपला वो" असं ओरडत फिरत होता. तिसऱ्या दिवशी सरांनी घंटा टांगली. हेडमास्तर बदलून गेले, शिपाई निवृत्त झाला, घंटा अजून तिथेच आहे.

शाळा सुटल्यावर सरांचा खरा उद्योग सुरू व्हायचा. जुने वस्तरे. हल्ली सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात तो नव्हे, जुना, अखंड पात्याचा, मुठीत मिटणारा. रेवदंड्याच्या भंगारवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं. तो पत्र्यात, बाटल्यांत सापडलेले वस्तरे बाजूला काढून ठेवी. कोणाची मूठ फुटलेली, कोणाचं पातं गंजलेलं, आणि बहुतेकांच्या पिना गेलेल्या.

वस्तऱ्याला दोनच पिना महत्त्वाच्या. मुठीच्या दोन पट्ट्या असतात, शिंगाच्या नाहीतर लाकडाच्या. एका टोकाला त्यांच्यामध्ये बारीक पाचर आणि ती धरून ठेवणारी एक पिन. दुसऱ्या टोकाला पातं फिरतं ती पिन. लोक पात्याकडे बघतात, सर आधी पिनेकडे बघायचे. जुन्या पिनेचं डोकं कानशीने घासून काढायचं, मग बारीक सुंब्याने, म्हणजे बोथट टोकाच्या लोखंडी कांडीने, ती मागून ढकलायची. नवी पितळेची तार भोकातून घालायची, दोन्हीकडे मिरीएवढ्या पितळी चकत्या बसवायच्या, तार तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ठेवून कापायची आणि छोट्या हातोडीने तिचं डोकं गोल बसवत आणायचं. शंभर, दीडशे टिचक्या. एकही ठोका नाही. जोर केला की आत तार वाकते किंवा शिंग तडकतं.

झालं की परीक्षा. वस्तरा अर्धा उघडून आडवा धरायचा. पातं आपल्या वजनाने खाली पडलं तर पिन ढिली, बोटाने हललंच नाही तर घट्ट. "ठेवलं तिथं राहिलं पाहिजे आणि सांगितलं की हललं पाहिजे," सर म्हणायचे. "पोरांचंही तेच हाय. पण पोरांना पिन बसवता येत न्हाय."

मांडव्याकडे बंगला बांधलेले मुंबईचे एक गृहस्थ कुठूनसे पत्ता काढत एकदा त्यांच्या पडवीत आले. त्यांच्याकडे पणजोबांचा विलायती वस्तरा होता. "काका, एकदम नया करून द्या. चकाचक पाहिजे. आणि पिनच्या जागी स्क्रू टाका ना, म्हणजे खोलता येईल."

सरांनी वस्तरा उलटसुलट बघितला. मुठीवर एका जागी शिंग झिजून खोलगट झालं होतं. "हा तुमच्या पणजोबांचा आंगठा," ते म्हणाले. "हा घासून काढू?"

त्या झिजल्या जागेवर गृहस्थांनी आपला आंगठा ठेवून बघितला. पिना तेवढ्या बदलून झाल्या, स्क्रूचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या आठवड्यात ते बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आले. वहिनींनी बिस्किटं वाटली आणि डबा धुवून ठेवला. चार दिवसांनी त्यात तार होती.

पण एक वस्तरा सर कधी दुरुस्तीला घेत नसत. तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या कप्प्यात असे. तो त्यांच्या आज्याचा, धर्मा आज्याचा.

त्याची हकीकत सांगायची तर माझ्या घरापासून सुरुवात करावी लागते. आम्ही गावचे न्हावी. माझा आजा घरोघर जाऊन हजामत करायचा. सरांच्या वाडीत मात्र तो जात नसे. "तशी रीत होती," असं आमच्या घरात सांगत. रीत म्हटलं की त्यात कोणाचा हात दिसत नाही, म्हणून तो शब्द आमच्या घरात फार लाडका होता. मग धर्मा आजा मुंबईला गोदीत कामाला गेला आणि येताना हा वस्तरा घेऊन आला. दर रविवारी वाडीच्या तोंडाशी उंडीच्या झाडाखाली खोकं उलटं टाकून तो बसायचा आणि अख्ख्या वाडीची दाढी करायचा. धर्मांतर झालं, आजा म्हातारा झाला, तरी उंडीखालचा रविवार चुकला नाही. पुढे कधी तरी पात्याची पिन तुटली. तेव्हा एका होडीवाल्याकडून त्याने लोखंडी खिळा आणला, घासून बारीक केला आणि तोच पिन म्हणून बसवला.

आमच्याकडची हवा खारी. लोखंड आत फुगतं. त्या खिळ्याने शिंगाच्या मुठीला केसाएवढा तडा पाडला होता आणि दर पावसाळ्यानंतर तो थोडा पुढे सरके. सर दिवाळीच्या सुमारास फडकं सोडून नखाने तो मोजायचे.

"खिळा काढला तर आज्याचा हात गेला," ते मला एकदा म्हणाले. "ठेवला तर मूठ गेली. बोला, राऊत."

सर कधी कोणाच्या सलूनमध्ये बसले नाहीत. माझ्या बाबांनी रेवदंड्याच्या बाजारात खुर्चीचं सलून टाकलं होतं आणि बाबा कोणालाही नाही म्हणत नसत. सर रोज त्या दारावरून जायचे, बाबांना 'दादा' म्हणून हात करायचे आणि पुढे जायचे.

बाबा वारले, तेरावं झालं, आणि त्यांची पेटी आवरताना मला त्यांचा जुना वस्तरा मिळाला. पिन ढिली झालेली, पातं लटलटतं. तेव्हाही मी असाच कोरडा होतो. लोक येऊन रडून जात होते आणि मी त्यांना पाणी देत होतो. वाटलं, काहीतरी दुरुस्त व्हावं. संध्याकाळी वस्तरा घेऊन सरांकडे गेलो.

सर पडवीत बाकापाशी उभे होते. त्यांनी बघितलं, ओळखलं. "दादांचा?" म्हणाले आणि उजवा हात पुढे केला.

मी वस्तरा बाकावर ठेवला.

आमच्या घरात वस्तरा कधी हातात देत नाहीत. खाली ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. हातात दिला की भांडण होतं म्हणतात. लहानपणापासून शेकडो वेळा मी बाबांच्या हाताशेजारी वस्तरा ठेवला होता. पण सरांचा हात तिथे तसाच पुढे राहिला, आणि त्या रिकाम्या तळव्याकडे बघताना मला कळलं की काय झालं. त्यांच्या वाडीच्या माणसांना आमची माणसं काय काय वरून टाकत आणि खाली ठेवत आली, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या आत काही हललंच नाही. मी नुसता उभा राहिलो.

सरांनी हात मागे घेतला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

चौथ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला वस्तरा होता. पिन अशी बसली होती की दिसत नव्हती. "बघून घ्या, राऊत सर," ते शेजारच्या टेबलावरून म्हणाले. तोवर मी 'राऊत' होतो. त्या दिवसापासून 'राऊत सर' झालो. नऊ वर्षं. डबा वाटून खाणं तेच, हजेरीपटावरच्या तक्रारी त्याच, निवृत्तीच्या समारंभात एकमेकांची स्तुतीही झाली. पण ते 'सर' काही सुटलं नाही. अपमान केला असता तर मी भांडलो तरी असतो, पण मान दिल्यावर भांडायचं कसं?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही बऱ्यापैकी राहिलं, उजवी बाजू गेली. मी दवाखान्यात भेटून आलो, फळं ठेवून आलो. महिन्याने वहिनींचा फोन आला. "भावजी, सर बोलवतात. म्हणतात, येताना चष्मा घेऊन या. जवळचं दिसायचा."

सर पडवीत बाकाशी खुर्चीवर होते. दाढी वाढलेली. त्यांना तसं मी प्रथमच बघत होतो. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणीतरी विसरून ठेवल्यासारखा. बाकावर फडकं सोडलेलं, धर्मा आज्याचा वस्तरा, हातोडी, कानस, तार. तडा मुठीच्या अर्ध्यावर आला होता.

"आता खिळा काढायला लागतोय," सर म्हणाले. "माझा हात न्हाय. तुम्ही काढा."

"सर, मला येत नाही. मी आयुष्यभर खडू धरला."

"म्हाईत हाय. पोरांना शिकवला, तुम्हाला शिकवीन."

"रेवदंड्याला सोनार आहे, त्याचा हात हलका—"

"सोनाराच्या आज्याचं आमचं काय न्हाय," सर म्हणाले. गृहपाठ द्यावा तशा आवाजात. "तुमच्या आज्याने आमच्या वाडीत वस्तरा आणला न्हाय. तुम्ही आमचा वस्तरा नीट करून द्या."

वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. मी चष्मा लावला.

तीन आठवडे मी रोज दुपारी जात होतो. खिळ्याचं डोकं घासायलाच दोन दुपारी गेल्या. सर डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिरकी चालली कानस," आणि ती तिरकीच चाललेली असायची. खिळा निघाला तो अखंड नव्हे, तीन तुकड्यांत, गंजाच्या पुडीसह. मी ते कागदावर घेऊन सरांपुढे धरले. ते बघत राहिले.

वहिनींनी विचारलं, "हे ठेवायचं कुठं?"

"उंडीखाली टाक," सर म्हणाले. "तिथलंच हाय ते."

वहिनी चपला घालून गेल्या आणि टाकून आल्या. उंडी अजून आहे. आता तिच्याखाली कोणाची तरी मोटरसायकल असते.

पहिली पितळी पिन मी घाईने ठोकली आणि ती आत वाकली. सर म्हणाले, "काढा." दुसरीचं डोकं एका बाजूला कललं. "काढा." घामाने माझा चष्मा घसरत होता. तिसरी तार घालताना मला एकदम वाटलं की आता बोललो नाही तर राहून जाईल.

"सर, त्या दिवशी मी बाबांचा वस्तरा तुमच्या हातात दिला नाही. आमच्यात वस्तरा हातात देत नाहीत. भांडण होतं म्हणून."

"म्हाईत हाय," सर म्हणाले. "आमच्यातही देत न्हाईत. आजा खोक्यावर ठेवायचा."

मी हातोडी खाली ठेवली. नऊ वर्षं त्यांना हे माहीत होतं.

"मग सर—"

"रीत मला म्हाईत हाय, राऊत सर. त्या वेळी तुमच्या मनात कुठली रीत होती, ते मला कसं म्हाईत असणार? ते तुम्ही सांगा."

खूप वेळ शोधलं. बाबांची पेटी आठवली, बाकाची फळी आठवली, सरांचा तळवा आठवला. त्या क्षणी मनात काय होतं ते काही हाती लागलं नाही. खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते त्यांना ऐकू आलं असतं, कानशीसारखं.

"मला माहीत नाही, सर," मी म्हणालो.

त्यांचा डावा हात चष्म्याकडे गेला. पण एका हाताने चष्मा पुसता येत नाही. त्यांनी तो तसाच नाकावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "टिचक्या मारा. समजवून."

मी मारत गेलो. किती मारल्या ते मोजलं नाही. पितळ हळूहळू पसरत चकतीवर बसलं. तडा होता तिथेच थांबला होता. सर म्हणाले, "त्याला हात लावू नका, ऱ्हाऊ दे." मी वस्तरा अर्धा उघडून आडवा धरला. पातं ठेवलं तिथे राहिलं. बोटाने सांगितलं तेव्हा हललं.

सर बघत होते. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं, तो हात मांडीवरून उचलला आणि बाकाच्या कडेवर ठेवला. मग एकेक बोट सोडवून तळवा वर केला. तोच हात.

"हातात द्या," ते म्हणाले.

"भांडण होतं म्हणतात, सर."

"होऊ दे. न भांडता नऊ वर्षं गेलीच की."

मी वस्तरा मिटला आणि त्या तळव्यात ठेवला. त्यांचा हात गार होता. माझी बोटं त्याला टेकली होती आणि ती मी लगेच काढली नाहीत. सर हाताकडे बघत नव्हते, बाहेर रस्त्याकडे बघत होते.

"दिलात?"

"दिला, सर."

"मला काय कळला न्हाय, राऊत," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून वस्तऱ्याभोवती मिटली.